अंगणातला मुक्काम

विनोदिनीचं माहेर देवासचं, आणि तिच्या सगळ्या अवगुणांचं मूळ तिथंच आहे असं धारच्या सासरी केव्हाच ठरून गेलं होतं. एका गावात दोन राजे, थोरली पाती आणि धाकटी पाती. एका दरबाराने नाही म्हटलं की रस्ता ओलांडायचा आणि दुसऱ्या दरबारात अर्ज करायचा. "नकार ऐकायची सवयच नसते हो तिथल्या माणसांना," असं तिच्या सासूबाई यमुनाबाई येईल-जाईल त्याला ऐकवत. आता खरं सांगायचं तर देवासातही नाही म्हणजे नाहीच असतं, आणि रस्ता ओलांडून गेलेल्याला पलीकडचा दरबार आधी 'तू कुठल्या पातीचा' म्हणून फैलावर घेतो. पण हे यमुनाबाईंना सांगायला जाणार कोण?

तर त्या साली, म्हणजे एकोणीसशे पाच साली, माळव्यात थंडीने कहर केला. शेतातला हरभरा उभ्याउभ्या करपला, आंब्याचा मोहर काळा पडला, सकाळी दोणीतल्या पाण्यावर काच धरलेली असे आणि बैल तिच्यावर तोंड आपटून मागे सरत. नेमके त्याच दिवसांत संस्थानचे डॉक्टर बळवंतराव तात्यासाहेबांच्या ओटीवर येऊन बसले. पान झालं, सुपारी झाली, मग म्हणाले, "तात्यासाहेब, तुमची थोरली सून आम्हांला मांडूला न्यायची आहे."

तात्यासाहेब म्हणजे विनोदिनीचे सासरे. सारी हयात दरबारच्या फडात, म्हणजे कचेरीत, गेलेली, आता पेन्शन आणि पोथी. त्यांच्या हातातला अडकित्ता तसाच उघडा राहिला.

बळवंतरावांनी सांगितलं ते असं. देवीची साथ डोंगरात शिरली होती. लस टिकते थंडीतच, उन्हाळ्यात ती नासून जाते, म्हणून टोचणाऱ्यांची टोळी दर हिवाळ्यात तंबू घेऊन मुक्कामाला जायची. पण मांडूच्या आसपासच्या पाड्यांतल्या बायका पुरुष दिसला रे दिसला की पोरं कणगीत लपवत. बाई हवी होती. आणि अख्ख्या धारमध्ये टोचता येणारी बाई एकच, तात्यासाहेबांची सून. तिचे वडील देवासच्या धाकट्या पातीत देवी टोचायचं काम करत. परकरी वयापासून ती त्यांच्या पेटीमागे हिंडलेली, रडणाऱ्या पोरांचे दंड धरता धरता नस्तर, म्हणजे टोचायचं बारीक पातं, चालवायलाही शिकलेली.

"मी सांगत नाही, दरबारची इच्छा आहे," बळवंतराव शेवटी म्हणाले. दरबारला नाही म्हणणं तात्यासाहेबांच्या बापजन्मात झालं नव्हतं. ते म्हणाले, "दरबारचीच इच्छा असेल तर आम्ही कोण अडवणार?"

"एक मात्र अट आहे," डॉक्टर उठता उठता म्हणाले. "पायात भक्कम बूट हवेत. गेल्या साली एक कारकून सपाता फटफटावत आला. बाभळीचा काटा आरपार गेला, पाय पिकला, आणि आमची सगळी टोळी त्याचा पाय घेऊन बसली. या खेपेला धड बूट नसतील त्याला मी गाडीत घेणार नाही. मग तो दिवाणांचा जावई का असेना!"

दाराआड उभ्या असलेल्या विनोदिनीने हे ऐकलं. तिच्या मागे उभ्या असलेल्या यमुनाबाईंनीही ऐकलं.

विनोदिनीला जायचंच होतं. का, ते त्या घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. तिची येसू, बोबडं बोलणारी, दाराच्या कडीला लोंबकळणारी पोर, गेल्याच्या गेल्या साली देवीत गेली. त्याच्या आदल्या हिवाळ्यात विनोदिनीचे वडील देवासहून गाडी करून आले होते, नातीला टोचायला, पेटी मांडीवर घेऊन. तात्यासाहेबांनी त्यांना ओटीवरूनच वाटेला लावलं. "आमच्या घरात शीतळेची पूजा होते, तिच्या अंगाला सुई लावत नाहीत," म्हणाले. विनोदिनी तेव्हा माजघरात होती. तोंडात पदराचा बोळा कोंबून उभी होती, आणि बाहेर आली नाही. त्या गोष्टीचा तिला इतका संताप होता की कधीकधी भाकरी थापता थापता तिचे हात थांबत. संताप सासऱ्यांचा निम्मा, आणि निम्मा स्वतःचा.

आता घरात दुसरं तान्हं होतं. धाकटी जाऊ कमल हिचा निळू, नुकता पालथा पडायला लागलेला. कमलचा नवरा इंदूरला वकिलीचा अभ्यास करी, आणि कमल सासूसासऱ्यांसमोर मान वर करत नसे. निळूला टोचायचं नाव काढायची त्या घरात कोणाची छाती नव्हती.

बुटांचा मात्र गजर सुरू झाला. "ब्राह्मणाची सून चामडं पायात चढवून भिल्लांच्या पाड्यात खडखड करत फिरणार! वा!" यमुनाबाई म्हणाल्या. विनोदिनीचा नवरा चिंतामणी खजिन्यात कारकून. माजघरात बायकोचा, ओटीवर बापाचा, असा मोठा गोड माणूस. त्याने तोड काढली, "कापडाचे केले तर? वर लोकर, खाली दाबलेल्या लोकरीचा नमदा. सोवळ्यालाही बरं."

"आणि दवात भिजले म्हणजे?" विनोदिनीने विचारलं.

"वाळवायचे."

"कुठे वाळवायचे? दवातच?"

विनोदिनीने मनाशी सगळं ठरवलं होतं. तळ म्हशीच्या चामड्याचा, जाड. वरचं कातडं बकरीचं, मऊ. गाईचं नको, तेवढं तरी सासूबाईंचं मन राखू. शिलाई दुहेरी, घोटा झाकेल एवढी उंची, बटणं नकोत, नाडी हवी, म्हणजे पाय सुजला तर सैल सोडता येते. तळाला खिळे, गवतावरून घसरू नये म्हणून.

घरंदाज बाईने चांभाराच्या दुकानाची पायरी चढायची नाही, ही रीत. घरात सुतळी घ्यायची, टाचेपासून अंगठ्यापर्यंत धरून गाठ मारायची, चवड्याभोवती धरून दुसरी, घोट्याभोवती तिसरी. ती सुतळी गडी घेऊन जातो आणि जोडा तयार होऊन येतो. विनोदिनीने सुतळी मापली, मोजा चढवून मापली, आणि सासूबाईंच्या हातात दिली, कारण गड्याला हुकूम त्यांचा. इथंच तिचं चुकलं.

मग आठवडाभर बांधाबांध चालली. दोन गोधड्या, एक घोंगडी, फ्लॅनेलची बंडी, लोकरीचे मोजे, सुंठ, गूळ, डिंकाचे लाडू, आणि प्रवासात चालतात म्हणून दुधात भिजवलेल्या दशम्या. बळवंतरावांनी निरोप धाडला होता की पांघरूण कितीही आणा, खाली कडबा पसरल्याशिवाय निजू नका, डोंगरात थंडी जमिनीतून वर येते. आणि सकाळी बूट उलटे आपटल्याशिवाय पाय घालू नका, विंचवालाही ऊब आवडते. विनोदिनीने हे कमलला वाचून दाखवलं. कमल डिंकाचे लाडू वळत होती. तिने हळूच विचारलं, "जाऊबाई, टोचलं की पोरं फार रडतात का हो?"

"रडतात. दोन्ही दंडांवर टोचायचं असतं ना. पण थोडाच वेळ," विनोदिनी म्हणाली. कमलने पुढचा लाडू वळायला घेतला.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी गडी बूट घेऊन आला. काय बूट होते! तेलाने तुकतुकीत, टाके एका ओळीत, खिळे हारीने बसवलेले. विनोदिनीला हसूच आवरेना. ओटीच्या पायरीवर बसून तिने मोजा चढवला, बुटात पाय घातला. चवडा गेला. टाच जाईना. नाडी सैल केली, मोजा काढला, दात-ओठ खाऊन ओढलं. टाच वरच.

"देवीच्याच मनात नाही, दुसरं काय?" यमुनाबाई दारातून म्हणाल्या. "तिच्या कामात ढवळाढवळ केली की असं व्हायचंच." तात्यासाहेबांनी पोथीचं पान उलटलं. फार समाधानाने उलटलं हो!

विनोदिनीचं लक्ष नाडीकडे गेलं. मापाची सुतळी चांभाराने रिवाजाप्रमाणे बुटालाच बांधून परत धाडली होती. तिने ती सोडली, आपल्या पावलाशी धरली. सुतळी अंगठ्याच्या कितीतरी अलीकडे संपत होती.

"आटली असेल," चिंतामणी म्हणाला.

"सुतळी? आटली?" विनोदिनीने सुतळी उचलून धरली आणि सासूकडे पाहिलं. "सासूबाई, कोणी कापली ही?"

दुसरी कोणी असती तर कानांवर हात ठेवले असते. यमुनाबाई तसल्या नव्हत्या. उंबरठ्यात ताठ उभ्या राहून म्हणाल्या, "मी कापली. आणि पुन्हा मापलीस तर पुन्हा कापीन. एक पोर गेली ह्या घरातली, आता सून रानात मेली तर लोक मला विचारतील. बूट नाहीत, तर जाणं नाही. हे कळवतील दरबारला, बूट पायात बसले नाहीत म्हणून."

विनोदिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे ओटीवर दरबारला मान डोलवायची आणि आत बसून सुतळी कापायची! ती उठली, ते देखणे बूट नाडीला धरून हातात लटकावले, डोक्यावरून पदर घेतला आणि अनवाणीच अंगणाबाहेर पडली.

"अगं, कुठे?" चिंतामणी मागून आला. "निदान वहाणा तरी घाल!"

"चांभाराकडे जाताना कसल्या वहाणा घालायच्या?" ती म्हणाली आणि चालू लागली.

भर दुपारचा बाजार. फडातल्या तात्यासाहेबांची सून पायी, एकटी, आणि हातात बूट! शेवेची कढई सोडून हलवाई फळीवर चढला. "ओ भिया, देख तो! तात्यासाब की बहू जूते लेके कहाँ चली?" कोणीतरी म्हणालं, "सासू को मारने," आणि सगळी ओळ खदखदून हसली. विनोदिनीचे कान तापले. तिला रडू येईलसं वाटलं, आणि रडू येतंय ह्याचाच राग येऊन ती आणखी भराभर चालली.

विठोबा चांभाराचा आजा दक्षिणेतून फौजेबरोबर खोगिरं शिवत आलेला. विठोबा अजून दरबारच्या पागेचं काम करी, आणि कोणाचं ऐकून घेत नसे. विनोदिनीला दारात पाहून तो उठलाच, आरी हातात तशीच. "बाईसाहेब, तुम्ही? हितं? अहो, मला ह्या गावात ऱ्हायचंय!"

"राहा की. हे बूट पायात जात नाहीत."

"सुतळीत आलं तेवढं केलं. माझ्या कामात खोट काढू नका, आधीच सांगतो."

"तुमच्या कामात नाही. सुतळी कापलेली होती."

विठोबाने बूट पाहिला, तिचं पाऊल लांबूनच पाहिलं आणि मान हलवली. "दुसरे करून देतो. होळीपतोर."

"मला उद्या सकाळी निघायचंय."

विठोबाला हसू फुटलं. त्याची बायको सुभद्रा आतून आली, पदराने हात पुसत, आणि नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "अहो, ते पडून आहेत ते दाखवा की. हसताय काय?"

पडून होते तीन जोड. पहिला महूच्या छावणीतल्या कोणा मडमेचा. टाच बदलायला टाकला आणि मडम विलायतेला निघून गेली. काळाभोर, बाजूने मोत्यांएवढी बटणं, टाच उंच. विनोदिनीने पाय घातला तर जणू तिच्यासाठीच शिवलेला. सुभद्राने गालाला हात लावला. "अगं बाई! काय शोभतात! हेच न्या, बाईसाहेब." विनोदिनी दुकानासमोरच्या खडीवर उतरली, चार पावलं चालली. टाच खडीत रुतली आणि ती आडवी व्हायची वाचली. बाजारातली गर्दी आता अर्ध्या रस्त्यावर आली होती. कोणीतरी "संभालके, बाईसाब!" म्हणालं.

"शोभायला नाही न्यायचे," विनोदिनी म्हणाली आणि बटणं सोडली.

दुसरा जोड कोणा ठाकुराचा, शिकारीचा, थेट गुडघ्यापर्यंत. काटा लागणार नाही, साप चावणार नाही, सगळं खरं. तिने कासोटा आवळला, बूट चढवले आणि भर बाजारात उकिडवी बसायला गेली. गुडघा वाकेचना. झोपडीत पोराला मांडीवर घ्यायचं तर जमिनीवर बसायला हवं. ठाकूर कुठला जमिनीवर बसतो!

तिसरा जोड पाहून सुभद्राने नाक मुरडलं. बुटके, रुंद, बेडकासारखे फुगलेले शिपायाचे बूट. एकाच्या चवड्याला ठिगळ. "पलटणीतनं पळालेल्या एकाचे हैत," विठोबा म्हणाला. "पळताना जड झाले म्हणून टाकून गेला."

"म्हणजे जिथे उभं राहायचं तिथे चांगले." तिने एक बूट उचलला, तळ वाकवून पाहिला, शिवणीत नख घालून पाहिलं. मग शेजारी चामडं भिजवायची कुंडी होती, तिच्यातलं पाणी तांब्याने घेऊन सरळ बुटात ओतलं.

"अहो! बूट हाय तो, लोटा नव्हं!" विठोबा ओरडला.

विनोदिनी बूट उंच धरून उभी राहिली. रस्त्यावरचे सगळे खाली वाकून तळाकडे पाहू लागले, जसा काही आतून देवच प्रकटणार होता. थेंब गळला नाही. तिने पाणी ओतून टाकलं, फडक्याने बूट आतून खसाखसा पुसला, आणि म्हणाली, "हेच."

"मोठे होतात तुम्हांला. आणि परक्या माणसाच्या पायातले..."

"मोठ्याला लहान करता येतं, विठोबा. लहानाला मोठं करून दाखवा बरं!"

विठोबाने नमद्याचा तळवा कापला, दोन पदरी करून आत बसवला, खोगिरात भरायची लोकर चवड्याशी दडपली. विनोदिनीने दोन मोजे चढवले, नाडी आवळली, पाय आपटला. पाय जागचा हलेना. विठोबाने चरबीचं भांडं पुढे केलं, वरून चोळायला. "कशाची चरबी?" तिने विचारलं. विठोबा छपराकडे पाहू लागला. "राहू दे मग. जवसाचं तेल आणि मेण द्या." आणि तिथेच, त्याच्या पायरीवर बसून, तिने आपल्या हाताने दोन्ही बुटांना तेलमेण चोळलं, शिवणीत बोटाने दाबून दाबून. छोटे देखणे बूट तिने विठोबासमोर ठेवले. "हे ह्यांच्या बदल्यात. लहान पायाची कोणी भेटली तर तिला द्या."

परत येताना ती बूट घालून आली. खिळे फरशीवर खणखण वाजत होते. हलवाई काहीतरी बोलायला तोंड उघडणार तोच विनोदिनीने त्याच्याकडे पाहिलं, आणि त्याने शेव तळायला घेतली. तिला आता रडू येत नव्हतं. खरं तर तिला गावातून आणखी एक फेरी मारावीशी वाटत होती.

घरी ओटीवर तात्यासाहेब उभे होते. बातमी तिच्या आधी पोचली होती. "ते काढ," ते म्हणाले. "कोण्या शिपुरड्याचं चामडं. माझ्या उंबरठ्यात येणार नाही."

विनोदिनी पायरीशी थांबली. चामडं घालून आत जायचं नाही, ही रीत तिलाही पाळायची होती. तिच्या माहेरीही तीच रीत. ती नाडी सोडायला वाकली. आणि वाकल्या वाकल्याच तिला दिसलं, यमुनाबाईंचे हात पदराखाली तयार होते, आणि घरामागची विहीर चार पावलांवर होती. बूट काढले की आत जायचं, आणि आत गेलं की सकाळी बूट नसणार.

तिने नाडीची गाठ पुन्हा आवळली आणि सरळ उभी राहिली. "मग मी उंबरठ्यात येतच नाही, मामंजी. मी आज इथंच निजते."

"कुठे?"

"अंगणात. उद्यापासून तंबूतच राहायचं आहे. एक रात्र आधी सुरुवात."

काय गहजब झाला म्हणता! तात्यासाहेब गरजले, यमुनाबाईंनी कपाळ बडवलं, शेजारपाजारच्या बायका कठड्यावरून डोकावल्या. "लोक काय म्हणतील?" तात्यासाहेबांनी आवाज खाली आणून विचारलं. विनोदिनीने आवाज खाली आणला नाही. "लोकांना सांगा, दरबारच्या हुकमावरून सून थंडीची सवय करतेय." दरबारचं नाव निघालं तसे तात्यासाहेब आत गेले आणि दार लावून घेतलं.

तिने गोठ्यातून कडबा ओढून आणला आणि भिंतीच्या आडोशाला जाडजूड अंथरला. दिवेलागणीला दार किलकिलं झालं आणि चिंतामणी तिची वळकटी घेऊन बाहेर आला. दुसऱ्याच कोणाची तरी पोचवायला आल्यासारखी ती त्याने ठेवली. "फार गारठा आहे गं," तो म्हणाला. "बाबा झोपले की ये आत. बूट मी सांभाळतो."

"इकडून सांभाळायचं होतं ते येसूच्या वेळी," विनोदिनी म्हणाली. एवढं कठोर ती त्याला कधी बोलली नव्हती. तो आत गेला. तिला वाईट वाटलं, पण शब्द परत घ्यावेत असं नाही वाटलं.

गारठ्याने हाडं दुखायला लागली तेव्हा तिला कळलं, डॉक्टरांचं म्हणणं खरं होतं, थंडी खालून येते. तिने कडबा आणखी आणला. पाय मात्र गरम राहिले.

उजाडताना डॉक्टरांच्या गाड्या दाराशी लागल्या. पहिलीत तंबू, दुसरीत दवाखान्यातली म्हातारी सुईण अक्का, नखशिखांत कांबळ्यात, आणि तिच्या मांडीवर लसीची पेटी. बळवंतराव उतरले. अंगणातला कडबा पाहिला, गोधडीवर पडलेलं दव पाहिलं, मग वाकून बूट पाहिले. त्यांनी एवढंच विचारलं, "पाणी आत जातं?"

"ओतून पाहिलंय."

"बसा."

विनोदिनी वळकटी उचलत होती तोच दार उघडलं. तात्यासाहेब ओटीवर आले, मागे यमुनाबाई. चिंतामणी बाजूच्या जिन्याने उतरून अंगणात उभा राहिला. माजघरात बायकोचा, ओटीवर बापाचा; अंगणात कोणाचा, हे त्याचं अजून ठरलं नव्हतं. तात्यासाहेब डॉक्टरांच्या देखत बोलले. "ऐक. एकदा त्या गाडीत बसलीस की हे दार तुला बंद. पुन्हा ह्या घरात पाऊल टाकायचं नाही."

विनोदिनीला भीती वाटली, खोटं कशाला बोला! देवासला वडील थकलेले, भावाच्या संसारात तिला जागा नव्हती. ती वळकटी छातीशी धरून उभी राहिली, आणि बोलायला लागली.

"दाराच्या आतच होते मी, मामंजी. बाबा पेटी घेऊन आले तेव्हा आतच होते. तुम्ही त्यांना ओटीवरून परत लावलंत, मी ऐकत राहिले. तुमचा मान राखला, शीतळेचा राखला, सगळ्यांचा राखला. आणि माझी पोर गेली. आता तुमचं दार बंद असो नाही तर उघडं असो, मी आत बसून कोणाचं पोर जाऊ देणार नाही."

यमुनाबाईंनी तोंडाला पदर लावला. विनोदिनी वळली, वळकटी गाडीत टाकली आणि चाकावर पाय ठेवला.

तेव्हा मागे दाराशी गडबड झाली. कमल बाहेर आली. डोक्यावर पदर होता, मान खाली होती, पण सासूच्या बाजूने वाट काढून, सासऱ्यांच्या समोरून, ती पायऱ्या उतरली. अनवाणी. दवाने गारठलेल्या अंगणातून ती थेट गाडीपाशी आली. तिच्या कडेवर निळू होता, आणि त्याच्या अंगातलं झबलं तिने घरातूनच काढून आणलं होतं. थंडीने तो लालबुंद झाला होता.

"जाऊबाई," ती म्हणाली, "आधी ह्याला टोचा. मग जा."

विनोदिनीने बळवंतरावांकडे पाहिलं. त्यांनी अक्काच्या मांडीवरची पेटी उघडली, नस्तर पुसलं, लसीची काचेची नळी फोडली. विनोदिनी गाडीच्या दांडीवर बसली, निळूला मांडीवर घेतलं. एका दंडावर नस्तर फिरलं आणि निळूने आकाशपाताळ एक केलं.

"कमल!" तात्यासाहेब ओटीवरून ओरडले. "आत हो! आधी आत हो!"

लग्न होऊन आल्यापासून कमलचा आवाज ओटीवर कोणी ऐकला नव्हता. तिने रडणाऱ्या पोराला दुसऱ्या कुशीवर वळवलं, त्याचा हात घट्ट धरला आणि मान वर करून म्हणाली,

"येते, मामंजी. दुसरा दंड राहिलाय."